कॅन्सरपेशीतच जागं होणारं औषध बनवणं इतकं अवघड का?

प्रश्न असा आला आहे: "मी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. करतोय. कॅन्सरपेशीत एखादं एन्झाइम जास्त असेल, तर विषारी औषधावर त्याच एन्झाइमने तुटेल असा गट बसवला की काम झालं ना? मग अशी प्रोड्रग इतकी मोजकीच का आहेत? आणि पीएच.डी.साठी प्रोड्रग निवडावं की एन्झाइम इन्हिबिटर?"

प्रोड्रग म्हणजे शरीरात बदल झाल्यावरच जागं होणारं औषध, आणि इन्हिबिटर म्हणजे एन्झाइमचं काम रोखणारा रेणू. तुमची कल्पना बरोबर आहे. अडचण "जास्त" या शब्दात आहे. जास्त म्हणजे कशापेक्षा, आणि शरीरातल्या कोणत्या अवयवापेक्षा? बहुतेक शोधनिबंधांत गाठीची तुलना तिच्या शेजारच्या निरोगी ऊतीशी केलेली असते. औषध मात्र शेजारी थांबत नाही. ते यकृतातून, आतड्यातून, मूत्रपिंडातून, अस्थिमज्जेतून फिरतं, आणि या सगळ्या ठिकाणी एन्झाइमांची रेलचेल असते.

एक ढोबळ हिशोब करून बघा. समजा गाठीत प्रतिग्रॅम एन्झाइम यकृताच्या ५ पट आहे. ऐकायला छान वाटतं. पण प्रौढ माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं असतं, आणि गाठ धरूया १५ ग्रॅमची. वजनात १०० पटीचा फरक, म्हणजे एकूण एन्झाइम यकृतातच २० पट जास्त झालं. त्यात हृदयातून निघालेल्या रक्तापैकी जवळपास पाव हिस्सा यकृतातून जातो, आणि गोळी पोटात घेतली तर आतड्यातून शोषलेलं औषध आधी यकृतातच पोचतं. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, आतला भाग कित्येकदा रक्ताविना. प्रोड्रगचा मोठा हिस्सा कुठे तुटेल, हे मग वेगळं सांगायला नको. म्हणून माझ्याकडे कोणी नवं "ट्युमर-स्पेसिफिक" एन्झाइम घेऊन आलं की मी पहिला प्रश्न यकृताचा विचारते, दुसरा आतड्याचा. गाठीचा नंबर तिसरा.

या क्षेत्रातली सगळ्यात बोधप्रद गोष्ट मला सायक्लोफॉस्फामाइडची वाटते. १९५०च्या दशकात जर्मनीतल्या आस्टा कंपनीत नॉर्बर्ट ब्रोक आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजन मस्टर्ड या जहाल विषाला फॉस्फरसच्या कड्यात बांधून टाकलं. तर्क तुमच्यासारखाच होता: गाठींमध्ये फॉस्फामायडेज एन्झाइम जास्त असतं, ते हा बंध तोडेल आणि विष तिथेच सुटेल. औषध उत्तम निघालं, आजही वापरात आहे. तर्क मात्र चुकीचा निघाला. रेणूला जागं करतात ती यकृतातली सायटोक्रोम पी-४५० एन्झाइमं. तिथे तयार झालेला ४-हायड्रॉक्सी रेणू रक्तातून सगळीकडे जातो, आल्डोफॉस्फामाइडमध्ये बदलतो आणि मग आपोआप फुटून फॉस्फोरामाइड मस्टर्ड सुटतं.

मग निवड होते कुठे? उत्तर उलट्या बाजूला आहे. आल्डिहाइड डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम आल्डोफॉस्फामाइडचं निरुपद्रवी आम्ल करून टाकतं, आणि रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींत हे एन्झाइम भरपूर असतं. त्या वाचतात, ज्या पेशींत ते कमी आहे त्या मरतात. म्हणजे औषधाची निवडकता गाठीतल्या कुठल्या जादा एन्झाइममुळे आलेली नाही. निरोगी पेशींच्या बचावक्षमतेमुळे आली. शिवाय फुटताना अ‍ॅक्रोलीन नावाचा दुसरा तुकडा सुटतो, तो मूत्राशयाचं अस्तर जाळतो. त्याला पकडायला मेस्ना नावाचं थायॉल (गंधकयुक्त संयुग) सोबत द्यावं लागतं. प्रोड्रगवर काम करणाऱ्याने सुटून पडणाऱ्या प्रत्येक तुकड्याचा हिशोब ठेवायचा असतो. विद्यार्थी औषधाचा तुकडा बघतात आणि उरलेला "लिव्हिंग ग्रुप" (सुटून जाणारा गट) म्हणून सोडून देतात. रुग्णाच्या शरीराला तो सोडून देता येत नाही.

तुमच्या कल्पनेच्या सगळ्यात जवळ जाणारं यशस्वी औषध म्हणजे कॅपेसिटाबिन. ते नीट समजून घ्या, कारण त्यात डिझाइनची खरी कारागिरी दिसते. मूळ औषध ५-फ्लुओरोयुरॅसिल, १९५७ सालचं. ते पोटातून घेतलं तर शोषण बेभरवशाचं. आधी त्याचं डॉक्सिफ्लुरिडिन हे प्रोड्रग आलं. थायमिडिन फॉस्फोरिलेज या एन्झाइमने ते तुटतं आणि हे एन्झाइम अनेक गाठींत जास्त असतं. पण आतड्याच्या भिंतीतही ते असतं, त्यामुळे औषध तिथेच फुटून जुलाब व्हायचे. कॅपेसिटाबिनमध्ये यावर आणखी दोन कुलपं घातली. आतड्यातून रेणू अख्खा जातो. यकृतातलं कार्बॉक्सिलएस्टरेज कार्बामेट तोडतं, मग यकृतातलं आणि गाठीतलं सायटिडिन डीअमिनेज अमिनो गट काढतं, आणि शेवटचं कुलूप पुन्हा थायमिडिन फॉस्फोरिलेज. यकृताला टाळता येत नाही, तर त्यालाच पहिल्या पायरीवर कामाला लावायचं, ही युक्ती मला फार आवडते. १९९८ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

तरीही हातापायांची त्वचा लाल होऊन सोलणं, जुलाब हे त्रास राहिलेच, कारण शेवटचं एन्झाइम इतर ऊतींतही थोडंफार असतं. आणि सुटलेलं ५-फ्लुओरोयुरॅसिल लहान रेणू आहे, तो गाठीत कोंडून राहत नाही.

इथूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण प्रोड्रग आणि इन्हिबिटर ही दोन वेगळी क्षेत्रं आहेत असं मला वाटत नाही. शरीरात शिरलेल्या ५-फ्लुओरोयुरॅसिलचा बहुतांश भाग डायहायड्रोपिरिमिडिन डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम, मुख्यतः यकृतात, नष्ट करतं. थोडक्यात त्याला डीपीडी म्हणतात. काही माणसांत जनुकीय बदलामुळे डीपीडी कमी असतं, त्यांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० साली उपचाराआधी याची तपासणी करण्याची शिफारस केली, ती यासाठीच.

आता १९९३ सालचा जपान. नागिणीवर सोरिव्हुडिन नावाचं नवं विषाणूविरोधी औषध बाजारात आलं. आतड्यातले जीवाणू त्याचं ब्रोमोव्हायनिलयुरॅसिल बनवतात, आणि हा पदार्थ डीपीडीला कायमचा जखडून निकामी करतो. जे कॅन्सररुग्ण तेव्हा ५-फ्लुओरोयुरॅसिलची प्रोड्रग घेत होते, त्यांच्या शरीरात ते साचत गेलं. काही आठवड्यांत डझनाहून जास्त रुग्ण दगावले. एक प्रोड्रग, एक अनाहूत इन्हिबिटर आणि मध्ये एकच एन्झाइम.

त्याच रसायनशास्त्राचा जाणूनबुजून केलेला वापर म्हणजे एस-१ ही कॅप्सूल. जपानमध्ये ती १९९९ साली आली. तिच्यात तीन घटक आहेत. टेगाफर हे प्रोड्रग, यकृतात सीवायपी-२ए-६ एन्झाइममुळे त्याचं ५-फ्लुओरोयुरॅसिल होतं. गिमेरासिल डीपीडीला रोखतं, पण पुन्हा सुटेल अशा रीतीने, म्हणून डोस आवाक्यात राहतो. ओटेरासिल आतड्यात औषधाला कार्यरत रूप देणारं एन्झाइम अडवतं, म्हणजे आतडं थोडं वाचतं. मोलमध्ये प्रमाण १ : ०.४ : १. एक प्रोड्रग आणि दोन इन्हिबिटर, आणि त्या दोन इन्हिबिटरांपैकी एकाचंही लक्ष्य कॅन्सर नाही! दोघेही उरलेल्या शरीराशी बोलतात. औषधाचं भवितव्य गाठीत जितकं ठरतं त्याहून जास्त उरलेल्या शरीरात ठरतं, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता थोडं बेंचवरचं काम, कारण तुम्ही सिंथेसिसवाले आहात. एन्झाइमला तुटायला बंध द्यायचा तर तो औषधाच्या अगदी अंगालगत देऊन चालत नाही. औषधाचे रेणू धिप्पाड असतात, एन्झाइमच्या खोबणीत पेप्टाइडच्या (एन्झाइमने तोडायच्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीच्या) मागोमाग डॉक्सोरुबिसिनसारखं धूड शिरत नाही. म्हणून मधे आपोआप गळून पडणारा दुवा घालतात. सगळ्यात वापरलेला म्हणजे पॅरा-अमिनोबेन्झिल. त्याच्या एका टोकाला पेप्टाइड अमाइडने जोडलेलं, दुसऱ्या टोकाला औषधाचा अमिनो गट कार्बामेटने. अमाइड शाबूत आहे तोवर नायट्रोजनची इलेक्ट्रॉनांची जोडी गुंतलेली असते. एन्झाइमने अमाइड तोडला की ती मोकळी होते, वलयातून ढकलत जाते, १,६-एलिमिनेशन होतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि औषध जसंच्या तसं सुटतं. औषधावर अमिनो गट नसून अल्कोहोल असेल तर कार्बोनेट करायचा मोह होतो. रक्तात तो कार्बामेटइतका टिकत नाही, हे आधीच लक्षात ठेवा.

आणि गट कुठे बसवायचा, ही निवड औषधाचा प्रभाव पुरता झाकणारी हवी. झाकलेलं आणि उघडं रूप यांच्या विषारीपणात फक्त ५-१० पटींचा फरक असेल तर प्रोड्रग करून काय मिळवलं? मी निदान १०० पटींच्या फरकाशिवाय पुढे जात नाही. हा माझा नियम, पुस्तकातला नव्हे.

अँटीबॉडी-ड्रग कॉंज्युगेट, म्हणजे ठरावीक पेशींना चिकटणाऱ्या अँटीबॉडीला जोडलेलं औषध, ही याच विचाराची आजची सगळ्यात यशस्वी शाखा. २०११ साली आलेल्या ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिनमध्ये व्हॅलिन-सिट्रुलिन हा दोन अमिनो आम्लांचा दुवा आणि मागे वर सांगितलेला पॅरा-अमिनोबेन्झिल गट आहे. पेशीच्या लायसोसोममधलं (पचनाच्या कप्प्यातलं) कॅथेप्सिन-बी एन्झाइम तो तोडतं, असं सगळ्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं. मजा अशी की कॅथेप्सिन-बी काढून टाकलेल्या पेशींतही हा दुवा तुटतो आणि औषध काम करतं, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं. इतर प्रोटिएज (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) ते काम उरकतात. इथे निवडकता एन्झाइमवर अवलंबून नाहीच. ती अँटीबॉडी कोणत्या पेशीवर चिकटून आत ओढली जाते यावर आहे. एन्झाइमकडून अपेक्षा एवढीच, की त्याने रक्तात गप्प बसावं आणि लायसोसोममध्ये गप्प बसू नये.

सुटल्यावर औषध कुठे जातं, हाही तितकाच मोठा मुद्दा. ट्रास्टुझुमॅब एमटॅन्सिनमध्ये दुवा तुटतच नाही, आख्खी अँटीबॉडी पचल्यावर लायसिन चिकटलेलं, विद्युतभारित औषध उरतं. ते पेशीपटलातून सहज बाहेर पडत नाही. त्याउलट २०१९च्या डिसेंबरात मंजूर झालेल्या ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅनमध्ये ग्लायसिन-ग्लायसिन-फेनिलअ‍ॅलनिन-ग्लायसिन असा दुवा, प्रत्येक अँटीबॉडीवर साधारण ८ औषधरेणू, आणि सुटलेला रेणू पेशीपटल ओलांडणारा. ज्या शेजारच्या पेशीवर हर-२ ग्राही (ही अँटीबॉडी ज्यांना चिकटते ती प्रथिनं) नाहीत, तिलाही तो मारतो. गाठ एकजिनसी नसल्यामुळे हा गुण फार मोलाचा ठरला, आणि २०२२ साली हर-२ कमी असलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठीही ते मंजूर झालं. फुप्फुसांना सूज येण्याचा गंभीर धोका त्याला आहेच. गळती हा गुण की दोष, हे प्रत्येक औषधागणिक ठरवावं लागतं.

ऑक्सिजनच्या कमतरतेवर जागी होणारी प्रोड्रग मी थोडक्यात आटोपते. इव्होफॉस्फामाइडचं रसायन देखणं होतं: नायट्रोइमिडाझोल गटाला एक इलेक्ट्रॉन मिळतो, ऑक्सिजन असेल तर तो परत जातो, नसेल तर रेणू फुटून मस्टर्ड सुटतं. २०१५ साली तिसऱ्या टप्प्याच्या दोन चाचण्यांत आयुर्मान वाढवण्याचं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. रुग्ण निवडताना त्यांच्या गाठीत ऑक्सिजन खरंच कमी आहे का, हा निकष नव्हता. रसायनाला दोष देण्याआधी हे बघावं, असं मला वाटतं.

उंदीर हा आणखी एक फसवा प्राणी. सीबी-१९५४ या प्रोड्रगने रॅटमधली, म्हणजे मोठ्या उंदरांतली, वॉकर गाठ पार नाहीशी केली, आणि सगळे हरखले. ते जागं करणारं डीटी-डायफोरेज एन्झाइम मूषकवर्गीय रॅटचं होतं. माणसातलं तेच एन्झाइम हा रेणू फारच सावकाश बदलतं, मुख्यतः १०४ क्रमांकाच्या जागी टायरोसिनऐवजी ग्लुटामिन असल्यामुळे. एका अमिनो आम्लाने औषध हुकलं. उलटही घडतं. व्हॅलिन-सिट्रुलिनचा दुवा माणसाच्या रक्तात टिकतो, पण छोट्या उंदराच्या रक्तातलं कार्बॉक्सिलएस्टरेज-१सी त्याला तोडून टाकतं, त्यामुळे चांगला रेणूही प्राण्यांत वाईट दिसू शकतो. दुव्याच्या टोकाला ग्लुटामिक आम्ल लावलं की हा उपद्रव पुष्कळ कमी होतो. म्हणून प्लाझ्मातल्या स्थिरतेची चाचणी माणूस, रॅट आणि उंदीर अशा तिघांच्या रक्तात एकाच दिवशी लावा.

आता इन्हिबिटर. प्रोड्रगमध्ये एन्झाइमने तुमच्या रेणूवर काम करावं अशी इच्छा असते, इन्हिबिटरमध्ये त्याने रेणू धरून बसावं आणि काम करू नये अशी. दोन्हींसाठी अभ्यास एकाच खोबणीचा. विद्यार्थ्यांची गल्लत आयसी-५०च्या, म्हणजे एन्झाइमची क्रिया निम्मी करायला लागणाऱ्या प्रमाणाच्या, आकड्यावरून होते. कायनेज एन्झाइमं एटीपी या रेणूवरचा फॉस्फेट गट दुसऱ्या रेणूवर चढवतात. त्यांची चाचणी बहुधा थोड्याशा एटीपीत, मायक्रोमोलरच्या पातळीवर केलेली असते. जिवंत पेशीत एटीपी मिलिमोलरमध्ये असतं. त्याच खोबणीसाठी झगडणारा तुमचा रेणू चाचणीत नॅनोमोलर दिसला तरी पेशीत कितीतरी पटींनी दुबळा पडतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमधला ईजीएफआर या कायनेजचा टी-७९०-एम बदल जेफिटिनिब या इन्हिबिटरला हरवतो, त्यातलं मोठं कारण हेच: बदललेलं एन्झाइम एटीपीला जास्त घट्ट धरतं. २०१५ साली आलेल्या ओसिमर्टिनिबने झगडा वेगळ्या रीतीने सोडवला. त्याचा अ‍ॅक्रिलअमाइड गट ७९७ क्रमांकाच्या सिस्टीनशी सहसंयुज बंध करतो, एकदा बसला की एटीपी कितीही असो. मग गाठीने त्या सिस्टीनचं सेरीन केलं, आणि बंधच होईना.

पार्प या डीएनए दुरुस्तीतल्या एन्झाइमच्या इन्हिबिटरांचा धडा आणखी वेगळा. एन्झाइमची क्रिया बंद पाडण्यात व्हेलिपॅरिब तसं कमी नाही, पण पेशी मारण्यात टॅलाझोपॅरिब त्याच्या खूप पुढे आहे, कारण ते पार्पला डीएनएवरच अडकवून ठेवतं. एन्झाइम बंद पडणं आणि एन्झाइम अडसर होऊन बसणं यांचे परिणाम निराळे. नुसत्या आयसी-५०च्या तक्त्यात हा फरक दिसत नाही.

दोन्ही वाटा एकाच रेणूत बघायच्या असतील तर दोन औषधं वाचा. अ‍ॅबिरॅटेरोन हा सीवायपी-१७ या पुरुषी संप्रेरकं बनवण्यातल्या एन्झाइमचा इन्हिबिटर: स्टेरॉइडच्या सांगाड्यावर पिरिडिन, त्याचा नायट्रोजन हीमच्या लोहाला धरतो. मोकळं अल्कोहोल नीट शोषलं जाईना म्हणून अ‍ॅसिटेट एस्टर करून प्रोड्रग केलं, ते २०११ साली मंजूर झालं. तरी शोषण इतकं लहरी की चरबीयुक्त जेवणाबरोबर घेतलं तर रक्तातलं एकूण प्रमाण १० पटींपर्यंत वाढतं, म्हणून उपाशीपोटी घ्यायला सांगतात. दुसरं रोमिडेप्सिन. जीवाणूने बनवलेला हा रेणू डायसल्फाइडच्या पुलाने बंद असतो. पेशीतलं ग्लुटाथायॉन पूल तोडतं आणि मोकळं झालेलं थायॉल एचडॅक (हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेज) एन्झाइमच्या जस्ताला पकडतं. हे प्रोड्रग माणसाच्या कल्पनेतून आलेलंच नाही.

पीएच.डी.बद्दल: प्रोड्रग की इन्हिबिटर यापेक्षा, गाईडच्या प्रयोगशाळेत एन्झाइम कायनेटिक्स (एन्झाइमचा वेग मोजणं) आणि एलसी-एमएस (मिश्रणातले रेणू वेगळे करून ओळखणारं यंत्र) हाताशी आहे का ते बघा. नुसती संयुगं बनवून दुसऱ्या गावी चाचणीला पाठवायची व्यवस्था असेल तर दोन्ही विषयांत तुमची अडचण होईल. आणि प्रोड्रग निवडलंत तर पहिल्या वर्षीच तीन गोष्टी तयार ठेवा. एक, तुमच्या रेणूचं न तुटणारं जुळं. दुवा पेप्टाइडचा असेल तर एल-अमिनो आम्लांच्या जागी त्यांची आरशातली प्रतिमा असलेली डी-अमिनो आम्लं घालून ते करता येतं. दोन, जागं करणारं एन्झाइम क्रिस्परने (जनुक कापण्याच्या तंत्राने) काढून टाकलेली पेशीमालिका. तीन, त्या एन्झाइमचा चांगला इन्हिबिटर. जुळं पेशी मारत नसेल, एन्झाइम नसलेल्या पेशी वाचत असतील आणि इन्हिबिटर घातल्यावर परिणाम थांबत असेल, तर तुमचं प्रोड्रग तुम्ही म्हणता त्या कारणाने काम करतंय. तिन्हींपैकी एक जरी उलट आलं, तर पुढची दहा संयुगं बनवण्याआधी त्याचं कारण शोधा.